लोहचुंबकाचा मंत्र आमच्या टेबलावर कसा बसला

गोव्यातल्या डिचोलीत आमचा जो खेळ जमतो, तो डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ, आणि डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा, मी. आमच्यातल्या विझार्डला, म्हणजे जादूगाराच्या पात्राला, लोहचुंबकाचा मंत्र हवा होता. धातूशी खेळणारा 'हीट मेटल' पुस्तकात आहे, पण तो बार्ड (गायक-जादूगार) आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) या दुसऱ्या पात्रांचा. मग नवा मंत्र लिहायला घेतला.

डॅमेज (इजा) किती, फासे किती, हे मी बाजूला ठेवलं. आधी ठरवलं की मंत्र धरणार कशाला. लोखंड, पोलाद, निकेल, कोबाल्ट. बस. या एका ओळीने अर्धं काम केलं. खेळातली नाणी तांबं, चांदी, इलेक्ट्रम (सोन्या-चांदीचं मिश्रण), सोनं आणि प्लॅटिनमची, म्हणजे त्यातलं एकही चुंबकाला चिकटणार नाही. ड्रॅगनचा खजिना जागच्या जागी राहतो, मात्र त्यात पुरलेली तलवार उसळून वर येते. देवळातली पितळी समई हलत नाही, गर्भगृहाच्या दाराची लोखंडी कडी सरकते. खेळाडू प्रत्येक खोलीत शिरताना 'हे कशाचं आहे?' असं विचारायला लागले. मला याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

एकाने विचारलं, गुहेच्या भिंतीतलं खनिज ओढता येईल का? 2012 मध्ये खाणी थांबल्या तोवर तो खाणीवर कामाला होता, त्यामुळे प्रश्न त्यालाच सुचणार. गोव्याचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट. लोखंड त्यात भरपूर, तरी साधा चुंबक ते उचलत नाही, कारण त्यातल्या लोहअणूंचे चिमुकले चुंबक एकमेकांच्या उलट दिशेने उभे राहून एकमेकांना जवळजवळ संपवून टाकतात. मॅग्नेटाइटमध्ये तसं पूर्ण होत नाही, म्हणून ते चिकटतं. आमच्या नियमात हेच आलं: तांबडी भिंत हलत नाही, मॅग्नेटाइटची काळी शीर हलते.

तापलेल्या लोखंडाचा नियमही असाच आला. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं. 'हीट मेटल' वस्तूला लालभडक करतो, त्यामुळे तो चालू असेपर्यंत त्या वस्तूवर माझा मंत्र लागत नाही, असं मी ठरवलं. एकाच गटातले ड्रुइड आणि विझार्ड आता आधी आपसात बोलून घेतात.

बाकीची आकडेमोड लवकर उरकली. मंत्राच्या ताकदीची दुसरी लेव्हल, पल्ला 30 फूट, एकाग्रता (म्हणजे तो चालू असताना असा दुसरा मंत्र धरता येत नाही), जास्तीत जास्त एक मिनिट. डीएमच्या पुस्तकातल्या तक्त्यात या लेव्हलच्या एका लक्ष्यावरच्या मंत्राला दहा बाजूंचे तीन फासे डॅमेज दिलंय. मी डॅमेज शून्य ठेवलं, कारण ओढण्याची ताकद पुरेशी मोठी आहे. समोरच्याने स्ट्रेंग्थ सेव्ह, म्हणजे ताकदीच्या जोरावर मंत्रातून सुटण्यासाठी टाकलेला फासा, हुकवला तर हातातलं हत्यार सुटून येतं. अंगावर लोखंडी चिलखत असेल तर तोच 10 फूट ओढला जातो.

मग आली क्रिया-प्रतिक्रिया. ओढायची वस्तू पक्की रोवलेली किंवा विझार्डपेक्षा जड असेल, तर विझार्डच तिच्याकडे खेचला जातो. हा नियम खेळाडूंना अडवणूक वाटेल अशी मला भीती होती, पण टेबलावर तोच सगळ्यात जास्त वापरला गेला. पलीकडच्या काठावर होडी बांधायचा लोखंडी खुंट दिसला आणि आमच्या विझार्डने पूल न बांधता नदी ओलांडली, खुंटाला धडकताना जरा खरचटला एवढंच.

राहता राहिला वरचा स्लॉट, म्हणजे हाच मंत्र वरच्या लेव्हलची ताकद खर्चून टाकला तर काय होतं ते. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, म्हणून वरच्या स्लॉटने पल्ला वाढवत नाही. पेलायचं वजन तेवढं वाढवतो.