आधी केबल नको, कीपॅडवरूनच चॅनल भरा

हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ सेट, नवीन आला की पहिले काही दिवस कॉम्प्युटरवरून चॅनल भरायची प्रोग्रॅमिंग केबल कपाटातच राहू द्या, असं मी इंदूरच्या प्रत्येक नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, सांगतो. माझ्या भाच्याला पण तेच सांगितलं. त्याचं लायसन्स आत्ताच आलंय, व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळालाय, आनंद नुसता ओसंडतोय. तो म्हणाला, "मामा, चर्पमध्ये दोन मिनिटांत सगळं भरतं, मग मेनूत कोण डोकं घालणार?"

चर्प हा चॅनल भरायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम छानच आहे, फुकट आहे, आणि यूव्ही-५आर या हँडीचे १२८ चॅनल भरायचे तर मी पण तेच वापरतो. पण महूच्या पुढे जानापावच्या माथ्यावर उभे आहात, कोणीतरी सांगतं की इथल्या रिपीटरला, म्हणजे आपला आवाज पकडून लांबवर पाठवणाऱ्या स्टेशनला, अमुक टोन लावा, तर तिथे लॅपटॉप कुठून आणणार? आणि पूर आला, मोबाइलचे टॉवर बसले, तेव्हा तर नाहीच. हॅम रेडिओची खरी गरज अशाच वेळी पडते.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो, टू मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झपासून पुढे) दोन्हींत साधारण ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि तुमच्या आवाजाखाली ठरलेला बारीक टोन नसेल तर बरेच रिपीटर उघडतच नाहीत. एवढं समजलं की मेनू पाठ करावा लागत नाही. पुढचे मेनू नंबर यूव्ही-५आरचे आहेत. व्हीएफओ मोडमध्ये, म्हणजे जिथे फ्रिक्वेन्सी थेट टाकता येते तिथे, या, वरची ओळ म्हणजे ए निवडा, मेनू ७ म्हणजे ड्युअल वॉच (दोन फ्रिक्वेन्सी आळीपाळीने ऐकणं) बंद करा, चॅनल आधीचा भरलेला असेल तर मेनू २८ने पुसा. मग ऐकायची फ्रिक्वेन्सी टाका, मेनू १३मध्ये टोन द्या, मेनू २७मध्ये चॅनल नंबर देऊन सेव्ह करा. आता पाठवायची फ्रिक्वेन्सी टाका आणि त्याच नंबरवर परत सेव्ह करा. पहिल्यांदा रिसीव्ह बसतं, दुसऱ्यांदा ट्रान्समिट. हे दोनदा सेव्ह करणं हातात बसलं की बाकी काही अवघड नाही.

आणि याच युक्तीने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर पण भरता येतो! ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. त्याला पाठवायचं १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झचा टोन लावून, आणि ऐकायचं ४३७.८०० मेगाहर्ट्झवर. पण स्थानक ताशी साधारण २८,००० किलोमीटरने धावतंय, त्यामुळे आपल्याकडे येताना त्याची फ्रिक्वेन्सी जवळजवळ १० किलोहर्ट्झ वर ऐकू येते आणि लांब जाताना तेवढीच खाली. म्हणून एक नाही, ओळीने पाच चॅनल भरायचे, ऐकायला ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५, ७९०, आणि पाचही ठिकाणी पाठवायला तेच १४५.९९०, कारण १४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे व्हीएचएफवर, सरकणं फक्त तीनेक किलोहर्ट्झचं असतं, एफएममध्ये ते चालून जातं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आवाज चिरकायला लागला की एक चॅनल पुढे. मेनू ०मध्ये स्क्वेल्च, म्हणजे खरखर गप्प करणारी सेटिंग, शून्यावर ठेवा, नाहीतर कमजोर सिग्नल दाबला जातो. अँटेनाचं टोक स्थानकाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला तो सगळ्यात कमी पकडतो, आडवा धरून मनगट फिरवत राहा. रिपीटर कायम चालू नसतो, हे पण धरून चला.

जमिनीवर मात्र सगळा खेळ उंचीचा. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढून ४.१ने गुणलं की अंदाजे रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये निघतं. रामबागेतल्या १२ मीटर उंच गच्चीवरून १४ किलोमीटर, आणि आसपासच्या सपाटीपेक्षा ३०० मीटर वर असलेल्या टेकडीवरून ७०! वॅट तेच पाच.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगतोय. हा सेट आपल्या बँडबाहेरही पाठवू शकतो, पण आपल्याला टू मीटरवर १४४ ते १४६ आणि त्याच्या वरच्या बँडवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढंच आहे. बाहेर पोलीस असतात, फायर ब्रिगेड असते, तिथे पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, बोट लावायचं नाही म्हणजे नाही.

स्थानक आपल्यावरून जात असताना बोलणं अगदी थोडकं ठेवा, कारण एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि खाली पाच-सहा देशांतले लोक वाट बघत असतात. कॉलसाइन आणि ग्रिड (आपण नकाशावरच्या कोणत्या चौकोनात आहोत त्याचा कोड), इंदूरचा ग्रिड एमएल७२, बास. समोरच्याचं नीट ऐकून लगेच लॉगमध्ये लिहा, वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.