मोठा क्लायंट गेल्यानंतरचे काम

आमच्या डिझाइन एजन्सीचा सर्वांत मोठा क्लायंट नुकताच गेला. त्यांच्या विपणन विभागात नवे प्रमुख रुजू झाले, डिझाइनसाठी संस्थेतच स्वतंत्र टीम उभारायची असे त्यांनी ठरवले आणि करारातील कलमाप्रमाणे आम्हाला रीतसर नोटीस दिली. या व्यवसायात मोठी कामे जाण्याची कारणे बहुधा अशीच असतात. कधी दोन कंपन्यांचे विलीनीकरण होते, कधी खर्चकपात ठरते, तर कधी खरेदी विभाग नियम म्हणून नव्याने पिच, म्हणजे काम मिळवण्यासाठी एजन्सींची स्पर्धात्मक सादरीकरणे, मागवतो. कामाच्या दर्जाशी या कारणांचा संबंध असतोच असे नाही. तरीही ज्या डिझायनरने त्या ब्रँडचा प्रत्येक कोपरा स्वतःच्या हाताने घडवलेला असतो, त्याला हे समजावून सांगणे अवघड जाते, आणि ते त्याला लगेच पटावे अशी अपेक्षाही मी ठेवत नाही.

टीमला मात्र त्याच दिवशी सांगितले पाहिजे, आणि आकड्यांसह सांगितले पाहिजे. हे काम एकूण उत्पन्नाचा किती हिस्सा होते, नोटिशीच्या काळात किती रक्कम येणार आहे, हाताशी असलेल्या पैशांत पगार किती महिने निभतील, ही माहिती दडवली तर तिची जागा कुजबुज घेते आणि कुजबुजीतला आकडा खऱ्यापेक्षा नेहमी वाईटच असतो. एकाच ग्राहकावर विसंबून राहण्याची जोखीम हिशेबाच्या जगाने केव्हाच ओळखलेली आहे. आयएफआरएस ८ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक असे सांगते की, एकाच ग्राहकाकडून १० टक्के किंवा त्याहून अधिक महसूल येत असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने ते आपल्या हिशेबात जाहीर करावे. छोट्या डिझाइन एजन्सीत हे प्रमाण सहज याच्या कितीतरी पट होते आणि कोणताही नियम ते उघड करायला लावत नाही, म्हणून मालकाने स्वतःहून ते सर्वांसमोर मांडलेले बरे.

येणे रकमेबाबत एकच सांगतो. अर्धवट राहिलेल्या कामांचे टप्पे लेखी मान्य करून घ्यावेत आणि त्यांची बिले, आपल्या ओळखीची माणसे त्या खुर्च्यांवर आहेत तोवरच, लेखा विभागाकडे पोहोचवावीत. नाते संपल्यावर बिल बुडते असे नाही, पण त्याच्यामागे उभे राहणारे कोणी उरत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हस्तांतरणाचे काम. नोटिशीच्या काळात उत्साह ओसरतो, चांगली माणसे पुढच्या कामाकडे वळवावीशी वाटतात आणि उरलेल्या फाइली एका फोल्डरमध्ये भरून दुवा पाठवून मोकळे व्हावे असा मोह होतो. माझे मत नेमके उलट आहे. ज्यांना त्या ब्रँडची सर्वाधिक माहिती आहे, त्यांनाच या कामावर ठेवले पाहिजे, कारण आपल्या कामाचा खरा नीटनेटकेपणा ते दुसऱ्याच्या हाती गेल्यावरच दिसतो.

आमच्या एका ज्येष्ठ डिझायनरने वेष्टनांच्या मूळ फाइली उघडल्या, तेव्हा छपाईला पाठवलेल्या प्रतींत सर्व अक्षरांचे आउटलाइन झालेले होते, म्हणजे अक्षरे मजकूर न राहता नुसते आकार झाली होती, जसे ते छपाईसाठी अनेकदा केले जाते. अशा फाइलमध्ये नव्या टीमला एक शब्दही बदलता आला नसता. तिने बॅकअपमधून बदलता येणाऱ्या मजकुराच्या प्रती शोधून काढल्या, त्या छापील नमुन्याशी ओळ न् ओळ ताडून पाहिल्या आणि प्रत्येक लेयरला, म्हणजे फाइलमधील थराला, स्वच्छ नाव दिले: ‘डायलाइन, छापू नये’ (वेष्टन कापण्या-दुमडण्याची रेषा), ‘स्पॉट यूव्ही’ (ठरावीक भागावरचा चकचकीत लेप), ‘बारकोड, भोवतीची मोकळी जागा कमी करू नये’. सोबतच्या टिपणात तिने लिहिले की, ब्रँडचा हिरवा रंग कोटिंग नसलेल्या कागदावर मंद पडतो, म्हणून त्या कागदासाठी वेगळी छटा ठरवलेली आहे आणि तिचा छापील नमुना पाकिटात जोडला आहे. ज्यांना ती कधी भेटलेली नाही, अशा माणसांसाठी तिने हे लिहिले. ते टिपण वाचताना मला तिचा मनापासून अभिमान वाटला.

परवान्यांकडेही असेच बारकाईने पाहावे लागते. फॉन्टचा परवाना एजन्सीच्या नावावर असतो आणि सहसा तो परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे फॉन्टची फाइल सोबत पाठवून दिली की काम झाले असे नसते. त्याचे नेमके नाव, आवृत्ती, तो बनवणारी संस्था आणि क्लायंटला कोणत्या प्रकारचा परवाना घ्यावा लागेल, हे लिहून दिले पाहिजे. छायाचित्रकार आणि चित्रकार यांच्याशी झालेल्या करारांत माध्यम, प्रदेश आणि मुदत यांच्या मर्यादा असतात. ती मुदत नव्या टीमला ठाऊक नसेल, तर आपण गेल्यानंतर क्लायंट विनाकारण अडचणीत येईल. डोमेन आणि होस्टिंगची खाती कोणाच्या नावावर आहेत, हेही याच वेळी तपासावे. ती आपल्या नावावर असतील तर आठवण होण्याची वाट न पाहता सोपवून टाकावीत, आणि त्याच पत्रात हे काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवण्याची लेखी परवानगी मागून घ्यावी.

अशा निरोपाचा पुढे उपयोग होईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. तरी गेलेला ग्राहक परत येतच नाही, हेही खरे नाही. वायडन अँड केनेडी ही जाहिरात एजन्सी १९८२ मध्ये नायकेच्या कामावरच सुरू झाली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या सुमारास नायकेचे मोठे काम शायट/डे या दुसऱ्या एजन्सीकडे गेले, पुढे ते परत आले आणि १९८८ मध्ये ‘जस्ट डू इट’ हे घोषवाक्य वायडन अँड केनेडीनेच दिले. मला यात महत्त्वाची वाटते ती मधली वर्षे, ज्यांत ती एजन्सी टिकून राहिली.

टिकण्याच्या घाईत दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे रिकामी झालेली जागा भरण्यासाठी दर पाडले जातात, आणि एकदा पाडलेला दर त्या ग्राहकासाठी कायमचा होतो. दुसरी म्हणजे सगळी टीम विनामोबदला पिचवर जुंपली जाते. एक मोठे काम गमावून थकलेल्या लोकांकडून एकामागून एक फुकट कल्पना मागणे मला अन्यायाचे वाटते. त्यापेक्षा सध्याच्या छोट्या क्लायंटांकडे जाऊन, मोठ्या कामाच्या धबडग्यात त्यांची जी कामे मागे ढकलली गेली असतील, ती विचारून घ्यावीत. ते लोक आपल्याला ओळखतात, त्यांच्याकडे निर्णय लवकर होतो आणि डिझायनरांनाही खरे काम हाती घेतल्याचे समाधान मिळते.

नवा क्लायंट पहिल्याच बैठकीत विचारतो की, ते तुम्हाला सोडून का गेले. याचे उत्तर संपूर्ण टीमने एकच आणि खरे द्यावे. जुन्या ग्राहकाबद्दल वावगे बोलणाऱ्याकडे समोरचा माणूस उद्याचा आपला निंदक म्हणूनच पाहतो. आम्ही एवढेच सांगतो की, त्यांनी डिझाइनचे काम स्वतःच्या टीमकडे घेतले, आम्ही ते पूर्ण दस्तऐवजांसह सोपवले, आणि त्यांच्या बाजूने हे हस्तांतरण ज्यांनी पाहिले त्यांच्याशी तुम्ही थेट बोलू शकता. त्यांचा होकार आम्ही आधीच घेऊन ठेवलेला आहे.