बसऱ्याची बंदूक : जांबोटी रस्त्यावरच्या एका रायफलीचा माग

बेळगावहून जांबोटीकडे निघालेला रस्ता पुढे मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीला पोहोचतो आणि तिथून चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. याच रस्त्यावरच्या, खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी शिकलो. शाळेच्या एन.सी.सी.च्या खोलीत कवायतीच्या निकामी रायफली असत आणि खंडेनवमीला त्यांची पूजा होई. त्यांतील एकीच्या पुढच्या लाकडाभोवती तार गुंडाळलेली होती. तिला सारे गाव ‘बसऱ्याची बंदूक’ म्हणे, कारण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकात, बसऱ्याच्या मोहिमेवर गेलेल्या गावच्या एका शिपायाने ती परत येताना आणली, अशी समजूत होती. यंदा दसऱ्याला गावी गेलो, तेव्हा ती समजूत तपासून पाहायचीच, असे ठरवून निघालो.

सरांनी खोली उघडून दिली. नळीला पाडलेले भोक आणि ‘डी.पी.’ ही अक्षरे यांवरून ती केवळ कवायतीसाठी ठेवलेली आहे, हे कळत होते. मात्र मला हवा होता तो मजकूर बोल्टच्या दांड्याखाली, उजव्या बाजूच्या लोखंडावर होता. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि शेंदराच्या बोटांनी तो बुजला होता. मी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा आधी मुकुट उमटला, मग जी.आर.आय. ही अक्षरे, मग ईशापूर आणि शेवटी १९४३.

हे वर्ष वाचल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. रायफलीची जात बसऱ्याच्या काळाशी जुळत होती. लांब पल्ल्याची जादा माशी आणि मॅगझीन अडवणारी पट्टी काढून टाकलेला ली-एनफिल्ड रायफलीचा हा ‘मार्क ३ स्टार’ नमुना पहिल्या महायुद्धातच निघाला. .३०३ इंचाची नळी आणि दहा गोळ्यांचे मॅगझीन असलेली ही आपली थ्री नॉट थ्री पुढे कित्येक वर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसत राहिली. इंग्लंडात बनलेल्या रायफलीवर मुकुटाखाली नुसते जी.आर., म्हणजे ‘राजा जॉर्ज’, असते. आपल्याकडच्या रायफलीवरचा जादा आय राजाला ‘सम्राट’ म्हणवतो. म्हणजे ही रायफल बंगालमध्ये, हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यात घडली होती आणि तीही बसऱ्याची मोहीम संपून पाव शतक उलटल्यावर.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी बेळगावात आलो. मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र १९२२पासून याच शहरात आहे आणि त्यामुळे निवृत्त फौजी शोधायला फार लांब जावे लागत नाही. हिंडलगा रस्त्याला राहणारे एक हवालदार काका नोकरीभर आर्मरर, म्हणजे पलटणीतील हत्यारे दुरुस्त करणारे, होते. त्यांनी चष्मा लावून कागद उजेडात धरला. लाकूड जुने दिसते, असे मी म्हणताच ते म्हणाले, “लाकडावर जाऊ नका. लाकूड कितीदाबी बदलतंय. बॉडीवरचा नंबर काय, बोल्टवरचा काय, ते सांगा आधी.” दोन्ही नंबर वेगळे निघाले. मॅगझीनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू मी फोटोत दाखवला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. तो ईशापूरच्या दुरुस्तीचा स्क्रू. रायफल पुन्हा कारखान्यात जाऊन दुसरा बोल्ट घेऊन आली होती. तारेचे कारणही त्यांनीच उलगडले. नळीच्या तोंडाला पेला बसवून हातबॉम्ब फेकताना लाकडावर फार ताण येतो, म्हणून ते तारेने आवळलेले असते. लहानपणी आम्ही ती तार म्हणजे तुर्कांच्या गोळीने फुटलेल्या लाकडाची डागडुजी समजत होतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांनी सहज सांगितलेली गोष्ट. रायफल शिपायाच्या नावावर लागते, पण त्याची होत नाही. काम संपले की ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करावी लागते आणि पेन्शनला निघालेला माणूस ती घरी नेऊच शकत नाही.

गावच्या त्या शिपायाच्या नातसुनेला मी मामी म्हणतो. गावी परतून मी हे सारे त्यांना सांगितले. त्यांचे आजेसासरे ११० मराठा पलटणीत होते आणि टायग्रिसकाठच्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले होते, एवढे घरात सर्वांना पाठ होते. कुतची फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली आणि त्याआधी तोफा व दारूगोळा नष्ट करण्यात आला. तिथे कैद झालेल्या माणसाने रायफल सोबत आणणे शक्यच नव्हते. मामींनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्यांची कुठं गेली म्हणायची?” एक तर टायग्रिसच्या गाळात, नाही तर तुर्कांच्या हाती, असे मी सांगितले. त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेले पदक काढून दिले. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि ११० हा पलटणीचा आकडा कोरलेला होता. बसऱ्याहून घरी पोहोचलेली खूण ती होती.

सरांनी रायफलीजवळची जुनी चिठ्ठी काढली आणि नवी मला लिहायला सांगितली. मी ‘ईशापूर, १९४३’ असे लिहिले. पदकावरचा नंबर आणि नाव वेगळ्या कागदावर उतरवून सरांच्या हाती दिले.