पिल्लू सारखं चावतं, काय करू?

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की आठ-दहा दिवसांत हा प्रश्न येतोच: "हातपाय पार ओरबाडलेत. 'नो' म्हटलं की आणखी चेकाळतं. पुढे रागीट तर निघणार नाही ना?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

रागीटपणाची धास्ती आधी सोडा. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला वस्तू चाचपायची म्हणजे तोंडानेच. भावंडांत खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ मोडतो, आणि किती दाब चालतो ते पिल्लाला कळत जातं. आठ आठवड्यांच्या आतच आईपासून तोडलेल्या पिल्लाचं हे शिक्षण अर्धवट राहतं. ते आता तुम्हाला पुरं करायचं आहे.

मी उलटा एक प्रश्न विचारतो: झोपतं किती? या वयात दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. ती मिळत नाही, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण पिल्लाला उचलतो. संध्याकाळी घरभर सुसाट पळणारं, पँटला लोंबकळणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं, आणि आपण 'एनर्जी फार आहे' म्हणत त्याला आणखी पळवतो. तासभर जागं राहिलं की शू करवून आणा आणि शांत कोपऱ्यात, कुणी हात लावणार नाही असं झोपू द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आता दात लागतो त्या क्षणाबद्दल. हात झटकू नका. हलणाऱ्या गोष्टीमागे धावणं त्याच्या रक्तात आहे. हात ढिला सोडून स्थिर ठेवा. पकड सुटली की उठा, 10-20 सेकंद पाठ फिरवा. बोलणं नाही, बघणं नाही. मग परत या आणि दोरीचं खेळणं पुढे करा. खेळणं हातभर लांब हवं, आखूड असलं तर दात पुन्हा बोटांवरच येतात. पाठ फिरवल्यावर पोटरी धरत असेल तर खेळायला बसायचं तेच बेबी गेटजवळ (लहान मुलांना अडवायला दारात लावतात ते बुटकं फाटक), म्हणजे एका पावलात पलीकडे जाता येतं. 'तुम्हीही केकाटा' असा सल्ला सर्रास दिला जातो. काही पिल्लं त्याने थबकतात, काही दुप्पट चेकाळतात. दोनदा करून बघा, चेकाळलं तर सोडून द्या.

पहिल्या आठवड्यात फक्त दुखेल अशा चाव्यावर खेळ थांबवा. दाब कमी झाला की हलक्या चाव्यावरही, आणि शेवटी नुसता दात टेकला तरी. आधी जोर, मग संख्या. घरात एक जण हातानेच कुस्ती खेळतो आणि दुसरा ओरडतो, तिथे हे महिनोन्महिने चालतं.

जबडा दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं याला माझा साफ विरोध आहे. तोंडाकडे येणारा हात म्हणजे दुखणं, एवढंच पिल्लू त्यातून शिकतं. पुढे कान साफ करताना, गोळी देताना तोच हात नको होतो.

चौथ्या महिन्याच्या सुमारास 28 दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के येतात. या काळात चावणं वाढतं. ओलं फडकं पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये घट्ट करा आणि समोर बसून चावू द्या. धागे सुटले की काढून घ्या. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका. नख दाबून जे दबत नाही ते चघळायला देऊ नका, त्याने दात तुटतो. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांच्या कपच्या होतात. पक्का सुळा आला तरी दुधाचा शेजारी तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

खाण्याच्या भांड्याशी अंग ताठ करून, एकटक बघत गुरगुरणं मात्र वेगळं. तिथे ओरडू नका. गुरगुरणं बंद पडलं की पुढचा चावा इशारा न देता येतो. जाणकार ट्रेनरला घरी बोलवा.

आणि कातडी फुटली, मग ती खेळताना का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. 'घरातलंच पिल्लू आहे' एवढ्यावर विसंबू नका: रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, त्याआधी पिल्लाला तिचं संरक्षण नसतं.