बाबा, सेसना आणि लूज न्यूट्रल

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरहून विमानाने निघालो, अल्टामाँट खिंडीतल्या पवनचक्क्या मागे पडल्या आणि सॅन वाकीनचं खोरं समोर आलं. बदामाच्या बागा, कालवे, सगळं पट्टीने आखल्यासारखं. शेजारच्या सीटवर बाबा. साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेले. बोर्डात वायरमन म्हणून रिटायर झाले, पण समोर एखादा मीटर दिसला की नजर अजून तिकडेच जाते. पायलट मुलाचं कौतुक वगैरे नाही, त्यांचं लक्ष माझ्या छोट्या विमानाच्या, १९७५ सालच्या सेसना १७२ च्या, करंट दाखवणाऱ्या अँमीटरवर.

ओकडेल गावाच्या अलीकडे हवाई वाहतूक कंट्रोलरला उत्तर द्यायला रेडिओवर बोलायचं बटण दाबलं आणि रेडिओचे आकडे मिणमिणले. रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर बंद पडून पुन्हा सुरू झाला. बटण सोडलं की सगळं ठीक, दाबलं की पुन्हा तेच. कंट्रोलर म्हणाला, आवाज तुटतोय.

"इंजिन बंद पडायचं नाही ना?" बाबांनी शांतपणे विचारलं.

नाही. या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येते, म्हणजे इंजिन फिरतं तशी स्वतःच वीज बनवणाऱ्या यंत्रातून. जुनी बजाज स्कूटर बॅटरीशिवाय चालायची, तसंच. हे ऐकून बाबा निश्चिंत झाले. मी मात्र बॅगेतला हातातला रेडिओ काढून मांडीवर ठेवला. विचित्र गोष्ट अशी, की लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेला व्होल्टमीटर १३.९ दाखवत होता. बटण दाबा, सोडा, काटा १३.९ च्या आसपासच. म्हणजे वीज तयार करणारा अल्टरनेटर ठणठणीत.

तेवढ्यात खाली टेबल माउंटन आला. सपाट माथ्याचा, काळपट, नागमोडी डोंगर. सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा नदीच्या पात्रातून वाहत आला आणि थिजला. आजूबाजूची मऊ जमीन झिजून गेली, आणि नदीचा तळ होता तिथे आज डोंगरमाथा आहे. "यवतेश्वरच की हा!" बाबा म्हणाले.

आम्हाला जायचं होतं त्या कोलंबिया गावाचा विमानतळ सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, साधारण २१०० फुटांवर. एक डांबरी धावपट्टी, एक गवताची, आणि गवताच्या पट्टीशेजारीच तंबू ठोकायची जागा. विमानाच्या पंखाखाली चहा उकळायचं सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. पायवाटेने थोडं चाललं की सोन्याच्या शोधात १८५० साली वसलेलं जुनं गाव लागतं. विटांच्या इमारती, घोडागाडी, मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी. पण ते दुसऱ्या दिवशी. आधी मल्टिमीटर.

मी बॅटरीपासून सुरुवात करणार, तर बाबांनी थांबवलं. "मेन लाइनीला दाब आहे ना? मग खांबावर कशाला चढतोस? घरात लाइट मंद म्हणजे एक तर फेजचा जोड, नाहीतर न्यूट्रल लूज."

मग सीटवर पाय आणि पॅनेलखाली डोकं अशा अवस्थेत मी, आणि बटण दाबायला बाबा. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत दाब कुठे गळतो ते, शोधताना लोक हमखास एक चूक करतात: लोड नसताना मोजतात. करंटच वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा साळसूद दिसतो. आमचा रेडिओ नुसता ऐकताना १ अँपिअरही खात नाही. बोलताना ६ च्या आसपास. म्हणून बटण दाबलेलं असतानाच, वाटेतल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना मीटरच्या दोन पिना. इंजिन बंद, नुसत्या बॅटरीवर बसबारला, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणाऱ्या पट्टीला, १२.३ व्होल्ट. बसबार ते रेडिओ, म्हणजे ब्रेकर, स्विच आणि वायर धरून, ०.१. उत्तम. मग रेडिओच्या काळ्या वायरी जिथे एकत्र येतात तिथून विमानाच्या धातूपर्यंत, म्हणजे इथल्या न्यूट्रलपर्यंत: १.६.

"किती?" बाबांनी वरून विचारलं.

१.६! रेडिओच्या हाती उरले फक्त १०.६. हिशेब केला तर पाव ओहमच्या थोडा वर. एवढासा अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर नीट कळलाही नसता.

टॉर्च मारला तर वायरीच्या टोकाचं थिंबल रंगवलेल्या पत्र्यावर आवळलेलं. विमानाने आपली जागा सतत प्रसारित करायच्या २०२० च्या एडीएस-बी नियमासाठी नवा ट्रान्सपॉन्डर बसवला, तेव्हाचं काम. रंग खरवडलेलाच नव्हता. सगळा करंट स्क्रूच्या आट्यांतून जात होता आणि तिथेही पांढरट ऑक्साइड धरलेलं. बाबांनी खिशातून चाकू काढला. मी हात धरला.

अमेरिकेत विमानमालकाला स्वतः काय करता येतं याची यादी आहे. बॅटरी बदलता येते. लँडिंग लाइटचं तुटलेलं वायरिंगही दुरुस्त करता येतं. रेडिओच्या अर्थिंगचा त्यात उल्लेख नाही. "स्क्रू आवळायला लायसन?" बाबांना हे अजिबात पटलं नाही. मला पटतं, कारण हवेत खांब नसतो.

सोमवारची रजा टाकली. मेकॅनिकने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवं थिंबल लावलं, लॉगबुकात सही केली. पुन्हा मोजलं: ०.०४. बाबांनी आकडा स्वतः वाकून वाचला, मगच सीटवर बसले. परतताना टेबल माउंटनवर ऊन पडलं होतं, मी हाताने दाखवलंही. बाबा ट्रान्सपॉन्डरकडे बघत म्हणाले, "तू बोल रे एकदा रेडिओवर."