हाडं पलीकडं, रक्त अलीकडं

आधी एक सांगतो, मग बाकीचं. घरातलं माणूस हरवलं असेल आणि हद्दीपलीकडं अनोळखी मृतदेह किंवा नुसती हाडं सापडल्याचं कानावर आलं, तर दोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. एक आपल्या ठाण्यातल्या मिसिंगचा, दुसरा त्यांच्या ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूचा (कर्नाटकात त्याला यूडीआर म्हणतात). हे दोन नंबर एका कागदावर यायला आमचे सात महिने गेले.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून. आत्याला पलीकडं दिलेली. आमच्याकडं रोटी-बेटीचा व्यवहार कायम तिकडंच. 1956 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, सात वर्षांचे होते. त्यांच्या लेखी आत्याचं गाव परराज्यात कधीच नव्हतं. शेवटची दोन वर्षं त्यांना विसर पडायला लागला होता, पण आत्याकडची पायवाट पक्की ठाऊक. ऑगस्ट 2023 मध्ये भर पावसात सकाळी घरातून निघाले ते आत्याकडं पोचलेच नाहीत.

मिसिंगची तक्रार एका दिवसात झाली, त्याबद्दल काही बोलायचं नाही. फक्त वर्णन लिहिताना आम्ही चुकलो. ‘सावळा रंग, सडपातळ, पांढरा सदरा, धोतर’ एवढंच दिलं. असं वर्णन आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना लागू पडतं. पडलेला दात, जुनं मोडलेलं हाड, ऑपरेशन, अंगावरची कायमची वस्तू, हे पहिल्याच दिवशी लिहा. आप्पांच्या करदोट्याला पेटीची किल्ली बांधलेली असायची. ती आम्हाला इतकी सवयीची होती की लिहायची कुणाला आठवलीच नाही.

डिसेंबरात पलीकडं ऊसतोड सुरू झाली. एका फडात टोळीला हाडं दिसली. आत्याच्या मुलाला ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं आणि त्यानं मला फोन केला. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, सुट्टी टाकून दुसऱ्या दिवशी गेलो. नशीब एवढंच, की फडातलं पाचट अजून पेटवलेलं नव्हतं. जळलेल्या हाडातून डीएनए मिळणं फार अवघड होतं, हे मला नंतर कळलं. ठाण्यात एका पाकिटात करदोट्याचा तुकडा आणि किल्ली होती. मी बघितलं आणि खालीच बसलो. हवालदारांना म्हटलं, साहेब, ही किल्ली घेऊन घरी चला, पेटीला लावून बघा. ते म्हणाले, “तुमचं पटतंय मला, पण किल्लीवर हाडं देता येत नाहीत. डीएनए करावा लागेल.”

त्यांचं खरंच होतं. चेहरा नाही, कातडी नाही, अशा वेळी किल्लीसारख्या दोन किल्ल्या असू शकतात. डॉक्टरांनी कटीच्या हाडावरून पुरुष आणि वय साठीच्या पुढचं असं सांगितलं, मांडीच्या हाडावरून उंचीचा अंदाज दिला. मांडीच्या हाडाचा तुकडा आणि दाढ काढून ठेवली. पुढं आमचं रक्त घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

आणि तिथंच सगळं अडकलं.

पलीकडचे म्हणाले, मिसिंग कर्नाटकात दाखल आहे, तिथलं पत्र आल्याशिवाय रक्त घेता येत नाही. मी आमच्या ठाण्यात गेलो. तिथले म्हणाले, “हाडं त्यांच्या हद्दीत आहेत री, केस त्यांची. त्यांनी पत्र पाठवू दे, मग आम्ही उत्तर देतो.” मी परत तिकडं. ते म्हणाले, आम्ही कुणाला विचारायचं? आमच्या दफ्तरी मृत अनोळखीच आहे. जानेवारी असाच गेला. एका ठाण्यात हरवलेला माणूस, दुसऱ्यात सापडलेला माणूस, मध्ये ऊसभरला रस्ता, आणि दोन्ही कागद जोडायचं काम कुणाच्याच वाट्याला नाही.

फेब्रुवारीत आमच्या ठाण्यातून एकदाचं पत्र गेलं. कन्नडमध्ये. पलीकडं ते वाचणारं कुणी नव्हतं. तीन आठवडे ते टेबलावर पडून राहिलं आणि ‘भाषांतरासह पाठवावे’ असा शेरा घेऊन परत आलं. मी शाळेत कन्नड शिकलोय. रात्री बसून मीच मराठी केलं. तर खासगी माणसाचं भाषांतर चालत नाही म्हणाले. मग नोटरीकडून करून घेतलं. तोवर आधीच्या पत्राचा जावक नंबर जुळेना, म्हणून नवं पत्र. नव्या पत्रात अकस्मात मृत्यूचा नंबर चुकला, तीनच्या जागी आठ. म्हणून आणखी एक पत्र. दर खेपेला एक खाडा आणि घरी आल्यावर आईचा एकच प्रश्न: “काय म्हणाले रे?”

आईचं कुंकू तसंच होतं. गावातल्या बायका काही बोलायच्या नाहीत, पण हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे त्यांनाही कळत नव्हतं. भटजींनी पालाशविधी सुचवला, म्हणजे पळसाच्या पानांचा देह करून क्रिया करायची. आई म्हणाली, “हाडं तिथं पेटीत आहेत आणि मी पानं जाळू?” कुणी सांगितलं, सात वर्षं थांबा, मग कोर्ट मृत धरतं. तो नियम आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं 108 कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111. पण माणसाचा काहीच मागमूस लागत नाही, त्यांच्यासाठी तो आहे. हाडं समोर असताना हा सल्ला देणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

जुलैत आणखी एक खोडा. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि आमच्या पत्रात अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं जुनं 174 कलम होतं, तिथं 194 पाहिजे म्हणून कागद परत. वकिलांनी सांगितलं, आधीपासून चालू असलेल्या चौकशीला जुनाच कायदा लागतो. तसं त्यांच्याकडून लिहून आणलं तेव्हा ते घेतलं.

सुटका झाली ती आमच्याच ठाण्यातल्या एका तरुण पोलिसामुळं. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ठाण्या-ठाण्यात फिरू नका. एकच अर्ज करा, दोन्ही नंबर घाला, मराठी-कन्नड दोन्हीत लिहा आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना एकाच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवा. प्रत्येक अर्जावर दुसऱ्याची प्रत जोडा. मी तसं केलं. तीन आठवड्यांत पलीकडून फोन आला: रक्त द्यायला या. कर्नाटकाचं पत्र लागतच नव्हतं, असंही त्याच फोनवर कळलं.

रक्त देताना आईलाही न्या. आई नवऱ्याची रक्ताची नातेवाईक नाही, तिचं कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. पण मुलाचा निम्मा डीएनए आईकडून येतो. आईचं कळलं की उरलेलं निम्मं बापाचं, आणि तेच हाडाशी ताडून बघतात. आत्याचंही घेतलं. सख्ख्या बहीण-भावांत आईकडून आलेला एक डीएनए सारखा असतो आणि जुन्या हाडात तोच जास्त टिकतो, असं डॉक्टर म्हणाले. अलीकडं कुणाला रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा. फॉर्मवरच्या फोटोवर सही-शिक्का आहे का, तिथंच बघून घ्या. आमच्या एका फॉर्मवर नव्हता, प्रयोगशाळेनं अख्खं पार्सल परत पाठवलं.

अहवाल नोव्हेंबरात आला. आप्पाच होते. मृत्यूची नोंद जिथं हाडं सापडली तिथल्या ग्रामपंचायतीत होते, आपल्या गावात नाही. वर्षाच्या आत धावपळ करा, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

आणखी एक, हे खरं तर वर यायला पाहिजे होतं. ओळख पटेपर्यंत हाडं दहन करू देऊ नका, तसं लेखी द्या. बेवारस मृतदेह थोडे दिवस ठेवून पोलीस सहसा पुरतात. पुरलेलं दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं पुन्हा काढता येतं, राखेचं काहीच करता येत नाही. हरवलेल्या माणसाचा कंगवा, दाताचा ब्रश, दाढीचं सामानही धुवू नका.

सगळ्या देशासाठी बेपत्तांची आणि अनोळखी मृतांची एकत्र डीएनए यादी असती तर आम्हाला पत्रांची गरजच पडली नसती. 2019 च्या डीएनए विधेयकात तशा दोन याद्या होत्या. जुलै 2023 मध्ये ते विधेयक मागं घेतलं गेलं. आप्पा त्याच्या पुढच्याच महिन्यात घरातून निघाले.

हाडं आम्ही आत्याच्या दारावरून आणली. तिनं गाडी थांबवायला लावली आणि तांब्याभर पाणी ठेवलं. दहन मार्कंडेयकाठी केलं.

किल्ली मात्र अजून मिळालेली नाही. ती मुद्देमालात आहे. आम्ही अर्ज दिलाय, आवक शिक्का मारून घेतलाय. पेटीचं कुलूप तोडायला दहा मिनिटं लागतील, पण आई हात लावू देत नाही.