अंजनगाव ते नाथुला: आमची वाटचाल

आमच्या अंजनगाव सुर्जीत उंच डोंगर म्हटलं की चिखलदरा. आमचा धंदाही तिथूनच सुरू झाला. एक सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर आणि पावसाळ्यातले रविवार. परतवाड्याहून घाट चढायचा, भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड दाखवायचा, भाजलेलं कणीस खाऊन रात्री घरी. मग शेगाव, माहूर असं वाढत गेलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही, सगळेच करतात.

खरी कलाटणी दिली ती बचत गटाच्या बायांनी. त्यांना बरफ पाहायचा होता. "टीव्हीतला नाही, हाताले लागणारा." मी सिक्कीम सुचवलं, कारण बडनेऱ्याहून हावडा मेल मिळते आणि सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल न्यू जलपायगुडीला सोडते. पुढं तिस्ता नदीच्या काठाकाठानं गंगटोक. तिथून सकाळी निघून नाथुला खिंड पाहून संध्याकाळी परत हॉटेलात येता येतं. वरती मुक्काम नाही, हे आमच्या लोकांसाठी सगळ्यात मोठं.

पैसे जमले भिशीतून. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो आणि बरफ मार्च-एप्रिलमध्ये हमखास मिळतो. मधल्या महिन्यांत हप्ते. आजही आमचं बुकिंग असंच चालतं.

त्या एका दिवसाची तयारी मात्र दिवाळीपासूनच करावी लागते. नाथुला चीनच्या सीमेवर, म्हणून परमिट लागतं, तेही नोंदणीकृत स्थानिक एजन्सीमार्फतच. गाडी सिक्कीमची, गाइड तिथलाच. सोमवार-मंगळवार खिंड बंद, त्यामुळे गंगटोकचे दिवस तो हिशेब धरूनच ठरवायचे. मतदार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो मी गावातच गोळा करतो. कार्डावर माहेरचं नाव, यादीत सासरचं, हा घोळ दर तुकडीत निघतोच.

आणि उंची. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, गंगटोक साधारण १,६५०, आणि नाथुला ४,३१० मीटर, तेही पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या रस्त्यात. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजनही कमी. हे सांगितलं की एखादे काकाजी हमखास म्हणतात, "मले काय होते हो भाऊ? म्या इहिरीतला गाळ काढेल मानूस हाय." माझा अनुभव उलटा आहे. म्हातारी माणसं बसत-उठत नीट चढतात; तरणी पोरं पायऱ्यांवर पळतात आणि डोकं धरून बसतात. म्हणून आधी गंगटोकला दोन रात्री, वर गेल्यावर सावकाश चालणं, आणि कुणाचं डोकं जास्तच दुखलं किंवा उलट्या सुरू झाल्या की लगेच गाडी खाली. खाली उतरणं हाच खरा इलाज. बाया कापराच्या पुड्या आणतात, आणू देतो. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, एवढं सांगून ठेवतो. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांना मात्र डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय वर नेत नाही, आणि हे पैसे घ्यायच्या आधीच सांगतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून दुसरीकडे गेली. जाऊ देत.

वाटेत छांगू तलाव, ३,७५३ मीटरवर. मार्चमध्ये बऱ्याचदा गोठलेला असतो. गमबूट भाड्यानं मिळतात. एका मावशीनं लुगड्याचा काचा मारून गमबूट चढवले आणि याकवाल्याशी अस्सल वऱ्हाडीत भाव केला. तो नेपाळीत बोलत होता, तरी पन्नास रुपये कमी झाले. चहाबद्दल मात्र सगळ्यांची तक्रार, कोमट आहे म्हणून. त्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशालाच उकळतं, त्याला हॉटेलवाला काय करणार! नाथुलाला फोटो काढायला बंदी. बायकांना त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून फोटोंची सगळी हौस छांगूलाच भागवून घेतो.

४ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर सिक्कीममधलं साउथ ल्होनाक सरोवर फुटलं, तिस्तेला महापूर आला, रस्ता जागोजागी वाहून गेला. दिवाळीनंतरची तुकडी रद्द करून भिशीचे पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक दौऱ्यात परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवतो. दर थोडा चढतो, पण दरड कोसळली तर हावड्याची गाडी चुकत नाही.

आता जुनी मंडळी गुरुडोंगमार तलाव मागतात. तो पाच हजार मीटरच्या वर, आणि वाटेत लाचेनला मुक्काम करावा लागतो. तूर्तास आम्ही नाथुलापर्यंतच नेतो.